प्रिटोरियात ऑक्टोबरमध्ये चार दिवस, ज्येष्ठ मंडळी सोबत: काय बघावं, काय सोडावं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जोहान्सबर्गचं काम उरकून प्रिटोरियात चार रात्री राहायचं ठरतंय. सोबत सासूबाई आणि सासरे आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिने फार जमत नाहीत. दोघं पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. जॅकरांडा म्हणजे आपला नीलमोहर, तो तिथे रस्तोरस्ती फुलतो असं ऐकून आहे आणि मुख्य ओढ त्याचीच. विचारायचं ते असं:

तिसऱ्या आठवड्यात बहर सापडेल का, आणि नेमका कुठल्या रस्त्यांवर? विमानतळावरून ट्रेनने जावं की टॅक्सीने? मुक्कामाला कोणता भाग बरा? जोहान्सबर्गलाच राहून रोज जाऊन-येऊन करावं असं काहींनी सुचवलंय, ते बरोबर आहे का? आणि इतिहासाची ठिकाणं कोणती निवडावीत? सासऱ्यांना गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांबद्दल खूप आस्था आहे.

---

दक्षिणायन

आठवडा अगदी योग्य निवडलाय. सप्टेंबरच्या शेवटी तुरळक फुलायला लागतो, ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत ऐन बहर असतो, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फांद्यांवरचा रंग उतरून जमिनीवर येतो. आपल्याकडे नीलमोहर उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो, तिथे ऑक्टोबर म्हणजेच वसंत. पाऊस उशिरा आला तर बहर थोडा पुढे सरकतो, एवढंच.

शहरात ही झाडं सत्तर हजारांच्या घरात आहेत असं मानतात. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील-अर्जेंटिनाकडचं झाड. पहिली दोन १८८८ साली सनीसाइडमधल्या एका बागेत लागली. आता ते परकीय आक्रमक झाडांमध्ये मोडतं म्हणून नव्या लागवडीवर बंधनं आहेत. आज दिसतात ते वृक्ष बहुतेक जुने, रुंद कमानीचे. दोन्ही बाजूंच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडतात आणि खालून गाडी गेली की जांभळ्या मांडवातून गेल्यासारखं वाटतं. हा मांडव आणखी किती वर्षं टिकेल याची काळजी तिथल्या लोकांनाही आहे.

जागा: आर्केडिया, ब्रुकलिन, मकलनक आणि ग्रूनक्लूफ या चार उपनगरांतले आतले रस्ते. ब्रुकलिनमधले निवासी रस्ते पायी फिरायला सर्वांत सोपे, कारण सपाट आहेत आणि पदपथ रुंद आहेत. ग्रूनक्लूफमध्ये हर्बर्ट बेकर स्ट्रीटवर पांढऱ्या जॅकरांडाची रांग आहे, ती चुकवू नका. जांभळ्या बहरात फिरून आल्यावर ते पांढरे घोस पाहिले की डोळ्यांना फरक कळतो. वरून एकत्र बघायचं असेल तर युनियन बिल्डिंग्जच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेतून शहराकडे तोंड करून उभं राहा.

वेळ फार महत्त्वाची. ऑक्टोबरात सकाळी साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. सहा ते आठमध्ये रंग गडद निळसर दिसतो. अकरानंतर डोक्यावरचं ऊन तोच रंग फिका पाडतं आणि फोटो पांढुरके येतात. ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका, उलट त्या दिवशी जांभळा सर्वांत खोल दिसतो. दुपारी तीन-चारनंतर मेघगर्जनेसह सर येण्याचा हा काळ आहे, कधी गाराही पडतात. म्हणून झाडं सकाळी, बंदिस्त जागा दुपारी असा दिवस लावा.

सासूबाईंसाठी एक सूचना: गळालेली फुलं ओली झाली की पदपथ शेवाळ असल्यासारखा निसरडा होतो. साधारण दोन इंच लांब, घंटेसारखी फुलं असतात, पायाखाली चिरडली की सटकतात. रबरी तळव्याचे बंद बूट हवेत. चपला नकोत याला दुसरं कारण मधमाश्या. खाली पडलेल्या फुलात मधमाशी शिरलेली असते आणि ती वरून दिसत नाही.

तिथल्या विद्यापीठातल्या मुलांचा समज आहे की डोक्यावर जॅकरांडाचं फूल पडलं की परीक्षा पास. वार्षिक परीक्षा याच हंगामात येतात.

---

मीटरगेज

वाहतूक आणि मुक्कामाचं लिहितो.

जोहान्सबर्गला राहून रोज जाऊन-येऊन करू नका. अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण एन-वन महामार्ग सकाळ-संध्याकाळ गच्च भरतो. वर सांगितलेली सकाळची सहा ते आठ ही वेळ मग गाडीतच जाते. ज्येष्ठ मंडळींसाठी ब्रुकलिन किंवा हॅटफील्ड धरा. हॅटफील्डला गाऊट्रेनचं, म्हणजे तिथल्या जलद रेल्वेचं, शेवटचं स्टेशन आहे, पण विद्यापीठाला लागून असल्यामुळे शुक्रवार-शनिवारी रात्री गोंगाट होतो. ब्रुकलिन शांत, आणि हॅटफील्ड स्टेशनपासून कॅबने पाच-दहा मिनिटांवर. शहराच्या जुन्या मध्यभागी मुक्काम नको.

ट्रेन: जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळाच्या इमारतीतूनच गाऊट्रेन सुटते. ती थेट प्रिटोरियाला जात नाही. सँडटन या जोहान्सबर्गच्या उपनगराकडे जाणारी ही गाडी आहे; मार्लबरोला उतरून हॅटफील्डकडची गाडी पकडायची. पुष्कळ जण इथेच चुकतात, झोप लागते आणि सँडटन येतं. तसं झालंच तर घाबरायचं नाही, सँडटनवरूनही हॅटफील्डची गाडी मिळते. मार्लबरोला लिफ्ट आहे. तिथून पुढे मिडरँड, सेंच्युरियन, प्रिटोरिया आणि हॅटफील्ड. गाडी ताशी १६० किलोमीटरने धावते. बदलण्याचा वेळ धरून तासाभरात पोचता.

प्रत्येक प्रवाशाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. स्टेशनवर गाऊट्रेनचं कार्ड विकत मिळतं किंवा स्पर्शाने चालणारं व्हिसा-मास्टरकार्ड फाटकाला लावता येतं. आत जाताना जे कार्ड लावलं तेच बाहेर पडताना लावायचं. एकाने फोनवरचं कार्ड लावलं आणि उतरताना पाकिटातलं लावलं तर यंत्र त्याला दोन अर्धवट प्रवास समजतं. विमानतळाचं भाडं इतर स्टेशनांच्या मानाने बरंच जास्त असतं. गाडीत खाणं, पाणी पिणं, च्युइंगगम चघळणं सगळ्याला मनाई आहे आणि दंड होतो. सासऱ्यांना औषध घ्यायचं असेल तर चढण्याआधी घ्यायला सांगा.

गाडी रात्रभर चालत नाही. विमान संध्याकाळी सातनंतर उतरत असेल तर ट्रेनच्या भरवशावर राहू नका. सामान मिळून बाहेर यायला तास-दीड तास जातो आणि शेवटची गाडी हुकते. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर हॉटेलकडून आधी ठरवलेली गाडी ट्रेनच्या चार तिकिटांच्या तुलनेत फार महाग पडत नाही, आणि आर-२१ रस्त्याने पाऊण-एक तासात थेट दारात सोडते.

शहरात फिरायला ॲपवरची कॅब. मॉलच्या किंवा संग्रहालयाच्या आत उभं राहून बोलवा, नंबर जुळवा आणि मग बाहेर पडा. रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून उभं राहायचं नाही. मोबाइल हिसकावण्याचे प्रकार तिथेच होतात.

एक लहानशी पण रोज नडणारी गोष्ट: प्लग. तिथलं सॉकेट म्हणजे मोठ्या तीन गोल पिनांचं. आपल्याकडे गिझर-एसीला जो सोळा ॲम्पिअरचा मोठा प्लग असतो तो त्यात बसतो, पण मोबाइलच्या चार्जरचा छोटा प्लग बसत नाही. 'युनिव्हर्सल' म्हणून विकले जाणारे महागडे अडॅप्टर बहुतेक वेळा यात निरुपयोगी ठरतात, कारण त्यात ही मोठी पिन नसते. आपल्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सोळातून सहा ॲम्पिअर करणारा कन्व्हर्जन प्लग मिळतो तो दोन नग घ्या. एक साधा तीन सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड त्याला जोडला की सगळ्यांचे फोन एकत्र चार्ज होतात. वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट.

---

वडाची_पारंबी

इतिहासाबद्दल. रस्त्यांच्या नावांपासून सुरुवात करते, कारण जुने नकाशे आणि जुनी पुस्तकं घेऊन जाणाऱ्यांची तिथेच फसगत होते. २०१२ मध्ये मध्यवर्ती भागातल्या बऱ्याच रस्त्यांची नावं बदलली. चर्च स्ट्रीटचे तुकडे पाडून हेलन जोसेफ, स्टँझा बोपापे अशी वेगवेगळी नावं दिली. शूमन स्ट्रीट आता फ्रान्सिस बार्ड. स्किनर स्ट्रीट आता नाना सीता स्ट्रीट. सासऱ्यांना हे जरूर सांगा. नाना सीता गुजरातेतून प्रिटोरियात आलेले, गांधीविचाराचे सत्याग्रही. वंशानुसार वस्त्या वाटून देणाऱ्या कायद्याखाली स्वतःचं घर सोडायचं त्यांनी नाकारलं आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. आज शहराच्या ऐन मध्यातला मोठा रस्ता त्यांच्या नावाचा आहे.

गांधीजींचं म्हणाल तर १८९३ मध्ये पीटरमॅरित्झबर्गला त्यांना गाडीतून उतरवलं तो प्रवास प्रिटोरियाचाच होता. दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी ते इथे आले आणि सुमारे वर्षभर राहिले. तेव्हाच्या ट्रान्सवाल राज्याचे राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांच्या घरासमोरच्या पदपथावरून जाताना पहारेकऱ्याने त्यांना लाथ मारून खाली ढकललं, हा प्रसंग आत्मचरित्रात आहे. ते घर आज क्रूगर हाउस म्हणून संग्रहालय आहे, चर्च स्क्वेअरच्या पश्चिमेला. घर बैठं, साधं, पुढे व्हरांडा आणि दारात दोन दगडी सिंह. इतकं रस्त्याला लागून आहे की तो पदपथ पाहिल्यावर प्रसंग लगेच उलगडतो. राष्ट्राध्यक्षाचं घर आहे हे केवळ पहारेकऱ्यामुळेच कळत होतं, असं गांधीजींनी का लिहिलं ते तिथे उभं राहिल्यावर पटतं. जिने नाहीत, सासूबाईंनाही जमेल. गाडी दारात उभी करवून घ्या, तिथून चर्च स्क्वेअरला पायी जायच्या भानगडीत पडू नका.

चर्च स्क्वेअरवर पॅलेस ऑफ जस्टिस आहे. १९६३-६४ चा रिव्होनिया खटला इथे चालला, ज्यात मंडेला आणि सहकाऱ्यांना जन्मठेप झाली. सकाळी दहा-अकराच्या सुमारास गाडीतून उतरून वीस मिनिटं बघण्यासारखं.

युनियन बिल्डिंग्ज: वास्तुविशारद हर्बर्ट बेकर, बांधकाम १९१३ मध्ये पूर्ण. वालुकाश्माची अर्धवर्तुळाकार इमारत, दोन बाजूंना दोन मनोरे. आत सोडत नाहीत, सरकारी कार्यालयं आहेत. बघायची ती बाहेरची बाग आणि मंडेलांचा नऊ मीटर उंच पुतळा. १० मे १९९४ ला मंडेलांचा शपथविधी इथेच झाला. ९ ऑगस्ट १९५६ ला, कृष्णवर्णीयांना जवळ बाळगावा लागणाऱ्या पासच्या सक्तीविरुद्ध, वीस हजार स्त्रिया इथेच चालून आल्या होत्या. वरच्या रस्त्यावर गाडी सोडते, तिथून दिसतं ते सासूबाईंना पुरेसं आहे. खालच्या हिरवळीपासून चढून यायचं ठरवलं तर पायऱ्याच पायऱ्या. हिरवळीचं फाटक बंद असेल तर पुतळाही वरूनच बघावा लागतो.

यानंतर दोन टेकड्या, आणि या दोन्ही एकाच दिवशी, लागोपाठ बघा असा माझा आग्रह आहे. एकीवर व्हूरट्रेकर मॉन्युमेंट (व्हूरट्रेकर म्हणजे बैलगाड्यांतून आतल्या मुलखात गेलेले बोअर, डच वंशाचे गोरे शेतकरी), १६ डिसेंबर १९४९ ला खुलं झालेलं, चाळीस मीटर उंचीचं ग्रॅनाइटचं प्रचंड चौकोनी काम. आतल्या सभागृहाच्या भिंतींवर संगमरवरात कोरलेली शिल्पपट्टी फिरते, ९२ मीटर लांब, २७ शिल्पफलकांची. घुमटाला एक छिद्र आहे. दरवर्षी १६ डिसेंबरला दुपारी बारा वाजता त्यातून आलेला उन्हाचा कवडसा तळघरातल्या प्रतीकात्मक समाधीवर पडतो. समोरच्या साल्वोकॉप टेकडीवर फ्रीडम पार्क, जिथे स्वातंत्र्यासाठी आणि इतर लढायांत मेलेल्यांची नावं लांबच लांब भिंतीवर कोरली आहेत. एका टेकडीवर बोअर लोकांनी सांगितलेली गोष्ट, दुसरीवर बाकीच्या देशाने सांगितलेली. एकच बघून परतलात तर देशाचा अर्धाच चेहरा दिसतो.

व्यवहाराचं: मॉन्युमेंटला चढ आणि जिने खूप. सासूबाईंनी खालच्या बागेत आणि कॅफेत थांबावं हे बरं. फ्रीडम पार्कमध्ये वाटाड्यासोबतची फेरी घ्या, दीड-दोन तास लागतात. तिथे इसिविवाने नावाची दगडांच्या वर्तुळाची पवित्र जागा आहे, पादत्राणं काढून जायचं असतं. देवळाची सवय असल्याने आपल्या मंडळींना ते आपसूक जमतं, पण उन्हात दगड तापतात, मोजे घालून जा.

राहिलं वंडरबूम. शहराच्या उत्तरेला एक हजार वर्षांहून जुनं अंजिराच्या कुळातलं झाड आहे, म्हणजे आपल्या वडा-पिंपळाचं भाऊबंद. पण वडासारख्या पारंब्या नाहीत. याच्या खालच्या फांद्या वजनाने वाकून जमिनीला टेकल्या, तिथे मुळं धरून त्यांची नवी झाडं झाली, त्यांच्या फांद्या पुन्हा पुढे टेकल्या. मूळ खोडाभोवती लेकी-नातींची वर्तुळं. लाकडी पायवाट आहे, चढ नाही, सावली दाट. सकाळीच जा आणि मागच्या डोंगरावरच्या किल्ल्याकडे जाणारी वाट सोडून द्या.

---

घरचा_डबा

खाण्याचं. 'व्हेजिटेरियन' एवढं सांगून भागत नाही. मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, अंडं नाही, असं मोजून सांगायचं. भाज्यांच्या सुपाला बहुधा कोंबडीचा रस्सा असतो, म्हणून 'स्टॉक कशाचा' हा प्रश्न विचारायचाच. बटाट्याचे चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळलेले असू शकतात.

स्थानिक पदार्थांतलं चालणारं: पाप, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि त्यावर चाकालाका, टोमॅटो-गाजर-ढोबळी मिरचीचा तिखट रस्सा, बहुतेक वेळा त्यात बीन्स. आपल्या तोंडाला हे लगेच रुचतं. मोरोगो ही पालेभाजी, पुष्कळदा आपल्या माठाच्या जातीची. मात्र चाकालाकात सॉसेजचे तुकडे घालणारेही असतात, तेव्हा विचारून घ्या. कुकसिस्टर ही पाकात मुरवलेली वेणीसारखी मिठाई दिसायला आपल्या पाकातल्या पदार्थांसारखी, पण पिठात अंडं असू शकतं.

शहराच्या पश्चिमेला लॉडियम ही वस्ती आहे. वर्णभेदाच्या काळात भारतीयांना मध्यवर्ती भागातून उठवून इथे हलवलं. तिथे डाळी, पिठं, मसाले, फरसाण सगळं मिळतं. दुकानदार बहुतेक गुजराती किंवा तमिळ मुळांचे, चौथ्या-पाचव्या पिढीतले. हिंदी सर्वांना येईलच असं नाही, इंग्रजीतच बोला. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात.

चार रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, सेल्फ-केटरिंग म्हणून शोधा. सुपरमार्केटात तांदूळ, मसूर, दही, 'आमासी' नावाचं आंबट घट्ट ताकासारखं दूध सहज मिळतं. आमासी-भात म्हणजे जवळजवळ दहीभातच. घरून मेतकूट, लोणचं, चिवडा सीलबंद पुडक्यात न्या. फळं, भाज्या, बी-बियाणं, दुधाचे पदार्थ आणि मध नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

उपाहारगृहात १० ते १५ टक्के टीप रिवाजाची आहे. एक रँड साधारण पाच रुपयांच्या आसपास धरून हिशेब करा.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. दोन शंका उरल्या: चौथ्या दिवशी प्राणी बघायचे असतील तर क्रूगर पार्क जमेल का? आणि त्यासाठी भाड्याची गाडी घ्यावी का? नवरा इथे रोज गाडी चालवतो.

---

मीटरगेज

क्रूगर हाउस आणि क्रूगर नॅशनल पार्क यांचा संबंध नावापुरताच. पार्क चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, एका दिवसाचं काम नाही, आणि तिथे मलेरियाच्या गोळ्या लागतात. त्याऐवजी डिनोकेंग किंवा पिलानेसबर्ग अभयारण्य. दोन्ही मलेरियामुक्त, दोन्हीकडे सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा, बिबट्या आहेत. डिनोकेंग जवळ, प्रिटोरियाच्या उत्तरेला तासाभरावर. पण तिथले रस्ते मातीचे. पाऊस पडून गेला असेल तर छोटी गाडी रुतते. पिलानेसबर्ग दोन तासांवर, मुख्य रस्ते डांबरी.

गाडी फक्त त्या एका दिवसापुरती घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) आरटीओतून काढून ठेवा आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. गाडी देताना चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि मोठी अनामत रक्कम अडकवून ठेवतात. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाचं बुकिंग असेल तर गाडी मिळत नाही. टायर आणि काचेचा विमा वेगळा असतो, तो घ्या, खड्डे आहेत.

सिग्नलला तिथे रोबॉट म्हणतात. 'दुसऱ्या रोबॉटला डावीकडे' असं कुणी सांगितलं तर गोंधळू नका. रोबॉट बंद असेल किंवा चारही बाजूंना 'स्टॉप' लिहिलेलं असेल तर जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी जातो. आपल्याकडच्या सवयीने नाक पुढे घातलं की अपघात होतो, कारण समोरचा नियम पाळणार हे धरूनच येत असतो.

गाडी लावल्यावर रिमोटचं बटण दाबलं एवढ्यावर निघून जाऊ नका. दाराची मूठ ओढून बघा. रिमोटचा सिग्नल अडवणारी यंत्रं वापरून गाडी उघडीच ठेवण्याची चोरांची पद्धत आहे. बॅगा निघण्यापूर्वीच डिकीत टाका, पोचल्यावर सगळ्यांसमोर नको.

---

दक्षिणायन

मीटरगेज यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. सत्तरीच्या माणसांना घेऊन पिलानेसबर्गला जाऊन-येऊन चार तास आणि आत चार तास म्हणजे गुडघ्यांना फार होतं. चौथा दिवस शहरातल्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाला द्या. ७६ हेक्टर, पूर्वेला ब्रुमेरियात. मधून दगडी कणा जातो, त्याच्या एका अंगाला उबदार हवेतली आणि दुसऱ्या अंगाला थंडी सोसणारी झाडं. फरसबंद वाटा, बाकं, खाण्याची सोय. तिथल्या हिरवळीवर हाडीडा हा कुदळ्याच्या जातीचा पक्षी लांब चोच खुपसत फिरतो आणि उडताना असा ओरडतो की पहिल्यांदा माणूस दचकतो. प्राणी बघायचेच असतील तर ज्यांना उत्साह आहे त्यांनी डिनोकेंगची अर्ध्या दिवसाची वाटाड्यासह फेरी घ्यावी, ज्येष्ठांनी बागेत बसावं.

---

वडाची_पारंबी

निघण्याआधीचं एक राहिलं. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट काढत असाल तर पीतज्वराची लस घ्या. तिथे बारा तासांहून जास्त थांबा झाला तर दक्षिण आफ्रिका दाखला मागते, आणि परतताना भारतातही अडचण येऊ शकते. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि आधी वेळ घ्यावी लागते. मात्र साठीपुढच्या माणसांना पहिल्यांदा ही लस देताना धोका वाढतो, म्हणून सासू-सासऱ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर दुबई किंवा दोहामार्गे तिकीट काढा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.